दोन वाट्या खसखस

आयुष्यात मला एकाच पाटीने बोलावलं. ती हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी लावलेली होती. यांच्या रक्तदाबाचा नंबर यायला अजून अकरा माणसं होती, माझा जप सकाळीच पुरा झालेला, म्हणून मी भिंती वाचत बसले होते. ‘आजारी नवजात बाळांना रोज एक तास मांडीवर घेऊन बसण्यासाठी स्वयंसेवक पाहिजेत. वय व शिक्षण यांची अट नाही. आवाज शांत असावा.’

आवाज शांत असावा! मी ती ओळ तीनदा वाचली. लहानपणापासून मला सगळ्यांनी एकच सांगितलं आहे, जरा मोठ्यानं बोल. दुकानात माझा नंबर नेहमी माझ्या मागच्या माणसानंतर येतो. सभेत मी एकदा हात वर करून बोलले, तर अध्यक्षांनी पंखा बंद करायला सांगितलं आणि तेवढ्यात माझं बोलणं संपलं. त्या आवाजाची कुणाला गरज असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि मांडी तर होतीच. रिकामीच होती. माझी नात तेव्हा आठ महिन्यांची होती. ती समुद्रापलीकडे राहते. मी तिला दर रविवारी दुपारी चार वाजता फोनवर बघते, तळहाताएवढी. एकदा तिने तिकडून फोन चाटला. क्षणभर माझ्या हातात नुसती तिची जीभ होती. फोन बंद झाल्यावर मी काच रुमालाने पुसली आणि मग पुसली म्हणून वाईट वाटून घेतलं. असा फोन झाला की बुधवारपर्यंत माझ्या छातीत काहीतरी रुतून बसायचं. गुरुवारी जरा सैल व्हायचं, तोवर पुन्हा रविवार यायचा.

“नाव नोंदवते,” मी यांना म्हणाले.

“कशाला?”

“मांडीला.”

आमचे हे एका सरकारी कचेरीच्या तक्रार विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आहेत. कुठलीही गोष्ट अर्जाने सुरू होते आणि स्मरणपत्राने पुढे सरकते, यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि म्हणाले, “विषय काय लिहू?”

अर्ज चार पानी होता. दोन परक्या माणसांचे चारित्र्याचे दाखले, छातीचा फोटो, रक्त, आणि एक छोटी बाटली. त्या बाटलीत काय द्यायचं ते सांगताना खिडकीवरचा कारकून भिंतीकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. एकूण त्या संवादात कुणीच कुणाकडे बघितलं नाही. सगळं देऊन मी घरी आले आणि मऊ कापडाचे दोन जुने झगे धुऊन ठेवले. बाळांना कडक इस्त्री टोचते.

आता माझ्या नेमांबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांच्यातूनच झाला, आणि त्याची सुरुवात ती बाटली देण्याच्या महिनाभर आधीच झालेली होती. सकाळी दिवा आणि एकशे आठ मण्यांचा जप. अन्नाचा कण वाया घालवायचा नाही, हा नेम बावीस वर्षांचा. आणि तिसरा नवा, नात प्रत्यक्ष मांडीवर येईपर्यंत दूध घ्यायचं नाही. सूनबाई फोनवर रडकुंडीला आली होती. “आई, आम्हाला इथं रजा मिळत नाही, त्यात तुम्ही दूध सोडलंत. आम्ही काय समजायचं?” मी म्हणाले, “काही समजू नकोस गं. हे माझं आणि देवाचं आहे.” ते पुरतं खरं नव्हतं. थोडं त्यांनी समजावं अशी माझी इच्छा होती.

दूध सुटल्यावर चार महिन्यांत गुडघे बोलू लागले. समोरच्या दारातल्या वहिनींना ते त्यांच्या घरात ऐकू गेले म्हणे. वहिनींकडे प्रत्येक दुखण्यावर इलाज असतो. त्यांचे यजमान तीस वर्षं त्यांच्या इलाजांवर आहेत आणि हल्ली काठी घेऊन चालतात.

“हाडांना खसखस!” वहिनी म्हणाल्या. “दूध काय करील तिच्यापुढे! भिजत घालायची आणि सकाळी अनशापोटी खायची. आणि ताई, धुऊ नका हं. धुतलं की सत्त्व जातं. सगळं काय ते पाण्यात असतं.”

त्या शेवटच्या वाक्याइतकं खरं वाक्य वहिनी आयुष्यात बोलल्या नसतील. फक्त पाण्यात काय असतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

किराणावाल्याने नवीन पोतं फोडलं. “काकू, ही मशीनमधून धुऊन आलेली नाही. शेतातून थेट. बघा, अजून बोंडाचा कचरा आहे तिच्यात,” असं तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मीही अभिमानानेच घेतली. पहिल्या दिवशी एक चमचा. दुसरी कुणी असती तर तिने भिजवलेलं पाणी ओतून टाकलं असतं. पण माझा नेम! मी पाणी प्याले आणि तळाशी राहिलेलं विसळून तेही प्याले. चव कडू होती. मी मनात म्हटलं, कडूच असायला हवी, गोड असतं तर व्रत कसलं?

पाचव्या दिवशी माझं मन जपात लागलं.

हे वाक्य लिहितानाही हात थांबतो. बावीस वर्षं मी माळ ओढते आहे. एवढ्या वर्षांत माझं मन दहाव्या मण्याला गॅसकडे जातं, विसाव्याला वाळत घातलेल्या कपड्यांकडे, आणि पन्नासाव्यापासून मुलाकडे जातं ते परत येत नाही. त्या दिवशी ते कुठेच गेलं नाही. अंगावरून कुणी उबदार शाल ओढावी तसं झालं. सगळं ठीक आहे, सगळं ठीकच होतं, असं वाटत राहिलं. मी डोळे उघडले तेव्हा दिव्यातलं तेल संपलेलं होतं आणि माळ पायाशी पडली होती.

मी कुणाला काही बोलले नाही. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात. फक्त वहिनींना सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं.

साधनेत प्रगती झाली की नेम वाढवावा असं मी मानते. चमच्याची अर्धी वाटी झाली, अर्धीची एक आणि एकीच्या दोन. हे म्हणाले, “तुझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या दिसतात.” मी म्हटलं, “दृष्टी आत वळली असेल.” नाकाला सारखी खाज यायची. पोटानेही मौन धरलं, तेही माझ्यापेक्षा कडक. वहिनी म्हणाल्या, “उष्णता! खसखस वाढवा.” दोनदा भाजी करपली, एकदा कुकर. एकदा मी भर सकाळी माळ हातात घेऊन बसल्या बसल्या अशी मिटले की गॅसचा माणूस दारात येऊन परत गेला. यांनी त्याला ओठांवर बोट ठेवून सांगितलं होतं, “आत समाधी लागली आहे. उद्या या.” पुढे आठ दिवस सिलिंडर आलं नाही, कारण गॅसच्या कचेरीत नोंद झाली होती ‘ग्राहकाच्या घरी समाधी’. त्यावर यांची तीन स्मरणपत्रं गेली.

यात हसण्यासारखं खूप आहे. पण एक रविवार असा आला, त्याचं मला अजून हसू येत नाही. नात त्या दिवशी खुर्चीला धरून पहिल्यांदा उभी राहिली. मुलगा ओरडत होता, “आई, बघ, बघ!” मी बघत होते. छान, असं वाटलं. समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी पोर उभं राहावं इतकंच छान. मी बहुधा हसले, आणि मग तशीच पेंगले. फोन संपल्यावर सोमवारी छातीत काही रुतलं नाही. मंगळवारी नाही. मी त्याला वैराग्य समजले. लाज वाटते सांगायला, पण मनातल्या मनात थोडी मिरवलेही.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलने बोलावलं.

खिडकीपाशी रांग होती. माझा आवाज बारीक असला की समोरचा माणूस मला बहिरी समजतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. कारकून चांगला खणखणीत बोलला.

“काकू, तुम्ही काही घेता का?”

“देवाचं नाव घेते.”

“ते नाही हो. तसलं काही.”

“मी तर दूधसुद्धा घेत नाही.”

“मग तुमच्या बाटलीत अफू कशी निघाली?”

रांगेतली माणसं एकाएकी जवळ आली. अफू हा शब्द मी त्याआधी फक्त शाळेच्या इतिहासात ऐकला होता, परीक्षेपुरता. एका बाईने आपल्या पिशवीची चेन लावली. माझ्यासारख्या, मुंगी चिरडू नये म्हणून झाडू हळू मारणाऱ्या बाईकडे बघून लोकांनी पिशव्या बंद कराव्यात! मी म्हणाले, “बाटली बदलली असेल.” पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

घरी आल्यावर यांनी कागद ओढला आणि ताबडतोब लिहायला घेतलं, ‘विषय: पत्नी अफूबाज नसल्याबाबत.’ मी तो कागद हिसकावून घेतला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यांचा कागद मी पहिल्यांदा हिसकावला. वहिनींना दारातूनच सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं बाई. इतकं शांत माणूस नॉर्मल नसतंच.”

नवजात कक्षाच्या मोठ्या सिस्टरांनी मात्र मला बाहेर काढलं नाही. त्या मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी सकाळपासूनचं सगळं खाणं विचारलं. मी सांगत गेले, वहिनी आणि समाधीसकट.

“किती खसखस?”

“दोन वाट्या.”

“आठवड्याला?”

“रोज.”

“धुऊन?”

“सत्त्व जातं ना.”

“आणि पाणी फेकून देता?”

“अन्न फेकत नाही मी,” मी जरा ताठ होऊन म्हणाले. “पिते. तळाचंसुद्धा.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश समजावलं. खसखशीचा दाणा बिचारा गरीब असतो. पण तो ज्या बोंडात असतो त्याच्या चिकात अफू असते, आणि काढणीच्या वेळी तो चीक दाण्याला बाहेरून लागून वाळतो. एका पोत्यात कमी, दुसऱ्यात पुष्कळ. बघून, वास घेऊन काही कळत नाही. धुतलेली, भाजलेली चिमूटभर खसखस पावावर पडली तर कुणाचं काही बिघडत नाही. फार तर एखाद्याच्या तपासणीत पुसटशी खूण दिसते. “पण तुमचा आकडा पावाचा नाही, काकू. न धुता वाट्यावाट्यांनी भिजवून ते पाणी प्यायचं म्हणजे चीक काढून प्यायचा. झोपेत श्वास थांबून माणसं गेलेली आहेत त्या पाण्याने. तुम्ही समाधी म्हणता ना, अजून एक वाटी वाढवली असती तर ती उतरली नसती.”

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं.

“मग माझा जप? तो लागला होता तो?”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते आमच्या प्रयोगशाळेत कळत नाही.”

मरणाच्या भीतीपेक्षा मला तेच जास्त लागलं. बावीस वर्षांनी देव दारात आला म्हणून मी उठून उभी राहिले, आणि तो किराणा घेऊन आलेला माणूस निघाला.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “तीन आठवड्यांनी परत बाटली द्या. साफ निघाली तर खुर्ची तुमची. तेवढे दिवस मी थांबते. त्यापुढे नाही, आमच्याकडे माणसं कमी आहेत.” आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं की सोडताना त्रास होणार, रोज सकाळी त्यांना दाखवून जायचं, आणि वहिनींचं काहीही ऐकायचं नाही. वहिनींना त्यांनी पाहिलेलं नव्हतं, तरी बरोबर ओळखलं.

घरात दीड किलो उरली होती. फेकली तर नेम मोडतो, ठेवली तर मी मोडते. हे म्हणाले, “ते आता अन्न राहिलं नाही, असा दाखला मी देतो.” मी पिशवी बादलीत उपडी केली, वर साबणाचं पाणी ओतलं आणि देवापुढे कान धरून उभी राहिले. बावीस वर्षांचा नेम संपायला एवढाच वेळ लागला.

पुढच्या आठवड्याचं वर्णन सभ्य भाषेत करायचं म्हणजे कठीण आहे. मौनात गेलेलं पोट बोलू लागलं, आणि काय बोललं! शिंका एकामागून एक. डोळ्यांना धार. अंगावर काटा, भर दुपारी, ऊन खिडकीत असताना. पाय तर माझे राहिलेच नाहीत. ते आपले आपण पलंगावर चालत होते, कुठे जायचं ते मला न सांगता. मी माळ घ्यायची आणि तिसऱ्या मण्याला ठेवून द्यायची. हे शेजारी बसून माझे पाय दाबायचे आणि पुटपुटायचे, “उद्या कमी होईल. उद्यापर्यंत उत्तर येतंच.” कचेरीत लोकांना ते हेच सांगत असतील.

चौथ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. हातात वाटी. “ताई, तुमचे हाल बघवत नाहीत हो. एकदम सोडू नये कधी. थोडीशीच भिजवली आहे. कुणाला कळतंय?”

मी त्या वाटीकडे बघितलं. मला ती हवी होती. इतकं काही हवं असणं मला माहीतच नव्हतं. नात हवी असते तेव्हा निदान छाती दुखते. हे सगळ्या अंगाला हवं होतं, केसांच्या मुळांपर्यंत. माझा हात पुढे गेलेला मला दिसला. आणि त्या हाताची मला अशी काही भीती वाटली की मी ओरडले.

“न्या ती वाटी! आत्ताच्या आत्ता न्या!”

खाली कुणीतरी रेडिओ बंद केला. वरच्या मजल्यावर खिडकी उघडली. हे आतून धावत आले, कारण घरात कुणीतरी परकी बाई ओरडते आहे असं त्यांना वाटलं. वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. त्यांची वाटी कलंडली, पाणी फरशीवर गेलं, आणि त्या तोंडाला हात लावून म्हणाल्या, “अगं बाई! तुम्हाला आवाज आहे!”

मग त्यांनीच फडकं आणून फरशी पुसली. दोनदा. जाताना म्हणाल्या, “मी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं होतं हो.” ते मात्र खरं होतं. मी त्यांचा हात धरला.

रविवारी चारला फोन आला. नातीने खुर्ची सोडून एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि बदकन बसली. मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके. मुलगा घाबरला.

“आई, काय झालं? बरं नाही का?”

“काही नाही रे. आठवण आली.”

“अगं, आम्ही समोरच आहोत की.”

“म्हणूनच.”

फोन संपला आणि छातीत ते रुतलं. सोमवारी होतं, मंगळवारी होतं, बुधवारी मी भाजी चिरताना सुरी खाली ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले, इतकं होतं. हे म्हणाले, “डॉक्टरांना सांगू या का?” मी म्हटलं, “नको. हे माझंच आहे.” जपात मन पन्नासाव्या मण्यापासून मुलाकडे गेलं ते परत आलं नाही. मी त्याला आणायला गेले नाही. देवालाही म्हटलं, तुम्ही तिथेच भेटा.

दुसऱ्या बाटलीचा निकाल सांगताना कारकुनाने शहाणपणाने आवाज खाली आणला. “साफ आहे, काकू.” मागे रांगेत नऊ माणसं होती. मी म्हटलं, “जरा मोठ्यानं सांगा.” त्याने सांगितलं. कुणीही आपली पिशवी उघडली नाही, पण माझं समाधान झालं.

मोठ्या सिस्टरांनी माझे हात कोपरापर्यंत धुऊन घेतले, झगा घातला आणि मला काचेच्या दाराआड एका खुर्चीत बसवलं. इतके दिवस माझ्या मनात झोपलेलं, मुठीएवढं, मऊ बाळ होतं. त्यांनी आणून दिली ती नऊ दिवसांची मुलगी किंचाळत होती. ते रडणं भुकेचं नव्हतं. काचेवर नखाने ओरखडावं तसं बारीक, सारखं. हातपाय थरथरत होते.

“घाबरू नका,” सिस्टर म्हणाल्या. “हिची आई वेदना थांबवणाऱ्या, अफूच्याच जातीच्या गोळ्या घ्यायची. घेता घेता सुटेनात. पोटात होती तोवर हिलाही मिळायच्या. नाळ कापली आणि एकदम बंद. आम्ही औषध देतो थेंब थेंब कमी करत, पण या पोरांना माणूस लागतं. आधीच्या दोन बायका दहा मिनिटांत परत देऊन गेल्या. काय हवंय ते कळतच नाही म्हणतात.”

ती शिंकली. एक, दोन, तीन. तिच्या दंडावर काटा आला होता. पाय कुठे जायचं ते न कळून हवेत चालत होते.

मी तिचे गुडघे दुमडून पोटाशी घेतले, तळहाताने पावलं धरून ठेवली. तिच्या कानाशी वाकले. माझा आवाज एरवी जेवढा असतो तेवढाच होता, आणि त्या खोलीत तो पुरेसा होता.

“माहीत आहे गं,” मी म्हणाले. “मला माहीत आहे. खूप हवं असतं. आणि ते गेलं ना, की मग माणसांची आठवण यायला लागते. तीही दुखते. पण ती बरी असते.”

तास संपल्याचं सिस्टरांनी काचेपलीकडून खुणेने सांगितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. त्या पुन्हा आल्या नाहीत. ती अजून रडतच होती, पण आता माझ्याकडे बघून रडत होती.